ठेवा की टाका

रफूवालीचं मत घेतल्याशिवाय त्या गल्लीत कुणी लॅपटॉप घेत नसे, आणि मत ऐकल्यावर बरेच जण घेतच नसत.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली ती. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून रफूवाली सहसा उभीच राहत नसे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला केस कापणारा, आणि मध्ये ही. टेबलावर खाली ओढता येणारा दिवा, भिंग, सुयांचा डबा, उसवलेल्या कोटांची चळत. कोपऱ्यात एक लहानसा लॅपटॉप, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून तिनेच शिवलेली खोळ. नवरा बसवर ड्रायव्हर. तो घरी असला की झोपलेला असे आणि जागा असला की बस चालवत असे, त्यामुळे संसारात भांडायला तशी सवडच मिळाली नव्हती. भांडायची सगळी हौस तिने सॉफ्टवेअरवर भागवली.

सुरुवात त्या लॅपटॉपपासूनच झाली. काम करताना गाणी ऐकावीत म्हणून घेतला, तर आठवड्याच्या आत एक कळ निखळून हातात आली. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही जोरात दाबली असेल." हे वाक्य तिच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर सुई धरलेल्या हाताला हा जोर शिकवणार! त्या संतापात तिने ग्राहकांनी मतं लिहायच्या एका वेबसाइटवर 'रफूवाली' या नावाने जे काही लिहिलं, ते वाचून लोक पोट धरधरून हसले. कळ बदलून मिळाली. पण चटक लागली ती लागलीच.

मग तिच्या तावडीतून काही सुटेना. एका नव्या पातळ लॅपटॉपबद्दल तिने लिहिलं: "वजनाला हलका, स्वभावाला त्याहून हलका. मांडीवर घेतला की इस्त्रीसारखा तापतो. इस्त्री निदान कपडे तरी सरळ करते." दर महिन्याला रूप बदलणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल: "माझ्या स्वयंपाकघरातली भांडी अशी रोज जागा बदलायला लागली, तर मी घर सोडून जाईन." पासवर्ड विचारून विचारून भंडावणाऱ्या सेवेबद्दल: "दार माझं, किल्ली माझी, आणि मी कोण हे मलाच विचारतात." कधी ती सपशेल चुकायचीही. एका लॅपटॉपचा पडदा अंधूक आहे म्हणून तिने त्याची यथेच्छ धुलाई केली, आणि नंतर झेरॉक्सवाल्याने त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण नखाने सोलून दाखवलं. तिने लगेच खाली लिहिलं: "चूक माझी. तरीपण सोलायला सांगायचं काम तुमचं." मात्र लिहिलेलं मत तिने कधी पुसलं नाही. एका कंपनीने गोडीगुलाबीने विचारून पाहिलं होतं, वर भेट म्हणून एक पिशवीही देऊ केली होती. पिशवीची शिवण कच्ची आहे, एवढंच तिने कळवलं.

तर अशी ही करारी बाई एकाच माणसापुढे मेणासारखी मऊ व्हायची, आणि ते माणूस म्हणजे तिची लेक.

लेकीचं लहानपण त्या टेबलाखाली गेलं होतं. वर आई रफू करायची, खाली पोर दोरे आणि चिंध्या गोळा करत बसायची, म्हणून तिचं नाव पडलं चिंधी. रफूचा शेवटचा धागा कापायच्या आधी कापड खालून बघावं लागतं, कारण वरून सगळं छान दिसलं तरी खाली एखादं टोक सुटलेलं असतं. आईला सारखं वाकणं जमायचं नाही. मग ती कात्री लावायची आणि विचारायची, "कापते हं. नक्की ना?" टेबलाखालून उत्तर यायचं, "हो." कधी यायचं, "थांब." थांब आलं की कात्री थांबायची. गिऱ्हाईक समोर घाई करत उभं असलं तरी थांबायची. पोर शाळेत जायच्या आधीपासून त्या दुकानात तिच्या शब्दाला अशी किंमत होती.

पुढे चिंधीने भाषा घेऊन शिक्षण पूर्ण केलं, आणि मग नोकरीच्या नावाने बोंब. एका ठिकाणी टिकली नाही, दुसऱ्या ठिकाणी काम बंद पडलं, तिसऱ्या ठिकाणी साहेब टाकून बोलायचा. घरी परत आली तेव्हा तिचा आवाजच गेल्यासारखा झाला होता. दिवसदिवस दुकानात येऊन बसायची आणि काही विचारलं की "तू म्हणशील तसं" म्हणायची. जिच्या एका 'थांब'वर कात्री थांबायची, ती पोर आता चहात साखर किती हेही ठरवीना. रफूवालीला ते बघवत नसे. आणि मग मोठ्या शहरातल्या एका कंपनीत तिला काम मिळालं. आधी काही महिने बघणार, काम आवडलं तर कायम करणार, अशा बोलीवर.

"म्हणजे नक्की करतेस काय तू तिथे?" आईने विचारलं होतं.

"वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द बसवते. बटणांवर, सूचनांमध्ये."

"कुठल्या कंपन्यांच्या?"

"ते सांगायची परवानगी नसते गं."

रोजच्या फोनवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "कायम केलं का?" आणि उत्तरही ठरलेलं: "आई, बघताहेत अजून." पण आवाज दिवसेंदिवस सुधारत होता. परवा तर ती आईशी चक्क वाद घालून जिंकली होती. हे काम टिकलं पाहिजे, एवढं एकच मागणं त्या दिवसांत रफूवालीच्या मनात होतं. हे गेलं तर पोर पुन्हा उभी राहील की नाही, याचा विचारही ती करू धजत नव्हती.

आणि नेमकं त्याच सुमाराला ते बटण आलं.

रफूचं काम मोठं उलटं. ते जितकं चांगलं तितकं कमी दिसतं. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याचेच धागे काढायचे, भिंगाखाली एक उभा एक आडवा असं विणत भोक भरायचं, आणि गिऱ्हाईकाने कोट फिरवून फिरवून "कुठे होतं हो?" म्हटलं की समजायचं, जमलं. पण मग नव्या गिऱ्हाईकाला दाखवायचं काय? कोरा करकरीत कोट? म्हणून तिने भोकांचे फोटो काढून ठेवायला सुरुवात केली होती. सिगारेटने जळलेली बाही, उंदराने कुरतडलेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली शाल. बरी झालेली वस्तू केव्हाही बघायला मिळेल, भोक मात्र एकदा बुजलं की बुजलं. तिच्या कामाचा पुरावा म्हणजे ती भोकं.

कारागिरांना आपलं काम जगापुढे मांडायला जागा देणारी एक नवी सेवा निघाली होती, आणि तीही मराठीतून. रफूवालीने दोन दिवस खपून तिथे आपलं पान तयार केलं. सगळे फोटो चढवले, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या. फोनचं पोट लहान, ते सारखं भरायचं, म्हणून चढवलेले फोटो आणि गिऱ्हाइकांची जुनी संभाषणं फोनमधून पुसूनही टाकली. शेवटी पडद्यावर दोन बटणं आली. एकावर लिहिलं होतं 'ठेवा', दुसऱ्यावर 'टाका'.

तिने क्षणभर विचार केला. ठेवा म्हणजे सध्या बाजूला ठेवा. टाका म्हणजे लोकांपुढे टाका. झेरॉक्सवाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाकुणाला "ग्रुपवर टाक, ग्रुपवर टाक" म्हणत असायचाच की. आणि टाका हा शब्द तर तिचा घरचाच, जन्मभर तेच घालत आली होती. तिने मोठ्या हौसेने 'टाका' दाबलं.

पान गेलं. कोरं पान आलं. पुढे मागे, वर खाली, सगळं बघून झालं. झेरॉक्सवाला धावत आला, त्यानेही बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, यांनी टाकून दिलं हो सगळं."

रफूवालीच्या अंगाची लाही लाही झाली. हातातलं काम बाजूला सारून तिने लॅपटॉप ओढला आणि तासाभरात मत लिहून मोकळी झाली:

"दोन बटणं आहेत, ठेवा आणि टाका. मी टाकलं, त्यांनी टाकून दिलं. इतक्या वर्षांचं काम एका बोटात गेलं, आणि जाताना साधं विचारलंही नाही. ग्रुपवर टाकतात तेही टाका, कचऱ्यात टाकतात तेही टाका. मग बटणावर लिहिताना कुठलं ते नको का बघायला? ज्याने कुणी हा शब्द बसवला, त्याच्या आईने त्याला काय शिकवलं कोण जाणे! एक तारा देते, तोही शून्य द्यायची सोय नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मत तुफान पसरलं. "माझंही असंच गेलं" म्हणणारे निघाले, हसणारे निघाले, कंपनीला धारेवर धरणारे निघाले. झेरॉक्सवाल्याने तर त्याच्या प्रती काढून दुकानाच्या काचेवर लावल्या. रफूवालीलाही जरा बरं वाटलं. दुपारी फोन आला तेव्हा ती त्याच खुशीत होती.

"कायम केलं का?"

"आई, तो शब्द मी बसवलाय."

"कुठला शब्द?"

"टाका."

रफूवालीच्या हातातली सुई टेबलावर पडली आणि घरंगळत कुठे गेली ते तिने बघितलंसुद्धा नाही.

"अगं पण... असा कसा लिहिलास गं?"

"आपल्या घरात टाक म्हणजे टाकूनच दे ना! 'चिंधे, दोरे टाक.' 'चिंधे, ती चिंधी टाक.' आणि काही आत ठेवायचं असेल तर तू घाल म्हणायचीस. सुई डब्यात घाल, बटण खिशात घाल. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही गं. तूच सांग, तू कधी टाक म्हणालीस आणि ते जपायचं होतं, असं एकदा तरी झालंय?"

रफूवालीने आठवून पाहिलं. एकदाही झालं नव्हतं. पोरीने आईचा शब्द जसाच्या तसा उचलून नेला होता आणि परक्या शहरात, परक्या ऑफिसात, विश्वासाने बटणावर बसवला होता. आणि आईने चारचौघांत विचारलं होतं, तुला आईने काय शिकवलं.

"वरचे विचारताहेत, शब्द कुणाचा म्हणून," चिंधी म्हणाली. "उद्या मीटिंग आहे."

"थांब, मी आत्ताच्या आत्ता काढते ते."

ती हे बोलली आणि लगेच लॅपटॉपकडे वळलीही. आजवर एक अक्षर मागे न घेतलेली बाई! पण पोरीच्या भाकरीपुढे तिला त्या ताठ्याची जराही किंमत वाटली नाही. मत पुसायचं बटण तिला सापडलं.

"आई, थांब."

रफूवालीचं बोट जागच्या जागी थांबलं.

"काढू नकोस. भोक सगळ्यांनी बघितलंय, आता गुपचूप रफू करून काय होणार? आणि तू लिहिलंयस ते खरंच आहे. लोकांचं काम गेलंय त्या शब्दापायी. मीच सांगणार आहे उद्या, शब्द माझा आहे आणि मला तो बदलायचाय."

"आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली." आवाज थोडा कापला, पण मागे फिरला नाही. "मला राग आलाय तो फक्त तुझ्या त्या आईबद्दलच्या वाक्याचा."

मग आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण हसता हसता आईला रडूच आलं. पोर 'तू म्हणशील तसं' म्हणाली नव्हती. थांब म्हणाली होती. किती दिवसांनी!

"मग मी खाली दोन ओळी लिहिते," रफूवाली नाक पुसत म्हणाली. "लिहिते हं. नक्की ना?"

"वाचून दाखव आधी."

तिने वाचून दाखवलं: "हा शब्द बसवणारी कोण ते कळलं. ती माझी लेक. तिच्या आईने तिला टाक म्हणजे टाकून देणं एवढंच शिकवलं, कारण टेबलाखाली दुसरं काही पडतच नव्हतं. तेव्हा निम्मी चूक माझी. तारा मात्र एकच राहील, कारण न विचारता पुसलं ते पुसलंच."

पलीकडून उत्तर आलं, "हो."

मीटिंग झाली. चिंधीच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाल्या, "मग तुझ्या आईलाच बोलवू या ना पडद्यावर." त्या दिवशी रफूवालीने इस्त्रीचे कपडे घातले, केस कापणाऱ्याचा आरसा मागून आणला आणि लॅपटॉपपुढे अशी बसली, जसं काही तिचंच लग्न ठरणार होतं. पडद्यावर चिंधी होती, आणि शेजारच्या मॅडम रफूवालीपेक्षा वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या निघाल्या.

"काकू, 'ठेवा' राहू दे. 'टाका'च्या जागी काय लिहू या?"

"काढून टाका," रफूवाली म्हणाली.

"आई, त्यात पुन्हा टाका आलंच की. घाईत लोक शेवटचाच शब्द वाचतात."

"मग 'सोडा'."

"सोडा म्हणजे सोडून द्या की लोकांत सोडा?"

"अगं बाई! मग 'राहू द्या' लिही."

"राहू द्या म्हणजे ठेवा की नको?"

रफूवाली विचारात पडली. काल गिऱ्हाईक म्हणालं होतं, कोट राहू द्या, तेव्हा तिने ठेवून घेतला. आणि सुटे पैसे राहू द्या म्हटलं, तेव्हा परत दिले नाहीत. आणि जेवून जा म्हटल्यावर लोक राहू द्या म्हणतात, तेव्हा ते जेवत नाहीत. आपण सगळे एकमेकांशी बोलतो तरी कसे, असा तिला प्रश्न पडला. मॅडम पलीकडे हसून हसून लाल झाल्या होत्या. "तुम्ही दोघी अशाच भांडत राहा, मी लिहून घेते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात झेरॉक्सवाला दारात डोकावला. खरं तर त्याला पडद्यावर कोण आहे ते बघायचं होतं, पण तो म्हणाला, "ताई, चहा सांगू?"

"नको."

"आई!" चिंधी ओरडलीच. "काय म्हणालीस आत्ता?"

"काय म्हणणार? नको म्हटलं."

"नको! एवढंच लिहायचं. ठेवा आणि नको."

तिघीही काही क्षण त्या शब्दाकडे, म्हणजे जणू मधल्या हवेकडे, बघत राहिल्या. त्याला दुसरा अर्थ कुठूनच फुटत नव्हता. झेरॉक्सवाल्याला मात्र चहा सांगायचा की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इकडे गिऱ्हाइकांनी आणखी एक गंमत केली होती. रफूला टाकायच्या आधी बरेच जण फाटलेल्या जागेचा फोटो फोनवर पाठवून "होईल का?" असं विचारायचे. रफूवालीकडची संभाषणं पुसली गेली होती, पण त्यांच्याकडची शाबूत होती. ते मत वाचून एकाने आपल्या जळक्या बाहीचा फोटो परत पाठवला. मग उंदराने खाल्लेला स्वेटर आला. मग शाल आली. झेरॉक्सवाल्याने खुर्चीच्या खिळ्याला फाटलेल्या आपल्या पॅंटचा फोटो स्वतः आणून दिला, आणि हा कुणाचा ते लिहू नका म्हणून चारदा बजावलं. सगळी भोकं काही परत आली नाहीत. पण पुष्कळ आली, आणि प्रत्येकाबरोबर मालकाचे चार गोड शब्दही आले, जे तिच्या पहिल्या पानावर नव्हतेच.

मग एका सकाळी ती कोटाची दुमड उसवत असताना फोन वाजला. यावेळी तिला प्रश्न विचारायला फुरसतच मिळाली नाही.

"आई, केलं!"

"काय केलं?"

"कायम! आणि आई, ती सेवा उघडून बघ. नवे शब्द बसलेत आजपासून. मला मीटिंग आहे, मी ठेवते."

रफूवालीने डोळे पुसून लॅपटॉपची खोळ काढली, आपलं पान नव्याने मांडलं, परत आलेली भोकं एकेक करून चढवली. शेवटी दोन बटणं आली. ठेवा. नको.

आता गुपचूप 'ठेवा' दाबून मोकळं व्हायचं की नाही? पण ग्राहकाचा स्वभाव जात नाही. बघू तरी, यावेळी विचारतात का, असं म्हणून तिने मुद्दाम 'नको' दाबलं.

पडदा पुसला गेला नाही. मधोमध एक छोटी चौकट उघडली, आणि तिच्यात लिहिलं होतं: "पुसते हं. नक्की ना?"

पुसते! आजवर तिने इतकी सॉफ्टवेअरं वापरली, सगळी आपली दगडासारखी बोलायची. हे बाईमाणसासारखं बोलत होतं. कात्री हातात धरून विचारावं तसं विचारत होतं. खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'थांब'.

रफूवालीने नकळत वाकून टेबलाखाली बघितलं. तिथे थोडे दोरे पडले होते, बाकी कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती वरून विचारत आली होती आणि पोर खालून सांगत आली होती. आज विचारणारी पोर होती.

"थांब," रफूवाली मोठ्याने म्हणाली, आणि बटण दाबलं.